घरमालक तिसऱ्या बेसवर

बेसबॉलच्या कोचइतका निरुपयोगी प्राणी मी पाहिलेला नाही, आणि मी पुण्यात वाढलो, जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणजे निरुपयोगी माणसांचा माझा अभ्यास दांडगा आहे. क्रिकेटचा कोच निदान पॅव्हेलियनमध्ये ट्रॅकसूट घालून गप्प बसतो. बेसबॉलचा कोच पोट सुटलेलं असताना खेळाडूंचाच घट्ट युनिफॉर्म घालतो, पाठीवर नंबरही लावून घेतो. तोंडात सूर्यफुलाच्या बिया, त्यांच्या साली थुंकत उभं राहायचं, आणि आपल्या पोरांना खेळता आलं नाही की पंचावर ओरडायचं. नाचता येईना, अंगण वाकडं. हे अंगण म्हणजे मी.

मी पंच आहे, आणि ते मी मागून घेतलेलं नाही. हायडेलबर्ग आणि वाल्डॉर्फच्या मधल्या एका गावात आम्ही राहायला आलो तेव्हा घराजवळ शतावरीच्या शेतांना लागून एक बेसबॉलचं मैदान होतं. क्रिकेटची हौस भागवायला म्हणून मी क्लबात गेलो. सरळ बॅटने खेळायची माझी सवय काही सुटेना, त्यामुळे फलंदाज म्हणून मी हास्यास्पद ठरलो. पण इथे नियम असा, की प्रत्येक क्लबाने लीगला पंच पुरवायचे, नाहीतर क्लबाला शिक्षा. क्लबाच्या सभेत 'पंच कोण होणार' हा विषय निघाला, तेव्हा सगळे आपापल्या बिअरच्या ग्लासात बघायला लागले. मी बिअर पीत नाही. मी समोर बघत होतो. ठराव एकमताने मंजूर झाला.

मग एका शनिवार-रविवारी आमचं शिक्षण झालं. शिकवणारा म्हातारा पंच अतिशय रुक्ष होता आणि मला तो फार आवडला. स्ट्राइक, बॉल, बेस वगैरे त्याने पटापट उरकलं. खरं शिक्षण कोचला कसं हाताळायचं याचं होतं. कोच अंगावर आला तर मास्क काढायचा, म्हणजे त्याला आपला चेहरा दिसतो. हात मागे ठेवायचे. त्याच्याकडे चालत जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. फारच डोकं तापलं तर खिशातला छोटा ब्रश काढायचा, मैदानाकडे पाठ करून खाली वाकायचं आणि होमप्लेट साफ करायची, म्हणजे ती जमिनीत बसवलेली पांढरी रबरी पाटी, जिच्यापाशी फलंदाज उभा राहतो आणि जिथे परत आलं की धाव मिळते. धूळ असो वा नसो, ती पाटी साफ करायची. तेवढ्यात आपलंही डोकं शांत होतं आणि समोरच्याचंही.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे वाक्याला उत्तर द्यायचं नाही, प्रश्नाला द्यायचं. "तो सेफ होता!", म्हणजे बाद नव्हता, हे वाक्य आहे. त्यावर गप्प. "तुला काय दिसलं?" हा प्रश्न आहे. त्याला एका ओळीत, खालच्या आवाजात उत्तर. म्हातारा म्हणाला, की शंभरातल्या नव्वद कोचांना प्रश्न विचारताच येत नाही, त्यामुळे काम सोपं असतं.

ते खरं निघालं. एक शाळामास्तर कोच होता, तो नियमांचं पुस्तक पाठ म्हणून दाखवायचा आणि दर वेळी चुकीचं म्हणायचा. एक जण रुसायचा, थेट पाठ फिरवून बाकावर बसायचा, माझ्या मुलीने दुसरीत असताना सोडलेली सवय. एक जण "ब्लू, दुसऱ्या पंचाला विचार!" असं ओरडायचा. पंचाला सगळे ब्लू म्हणतात, निळ्या शर्टावरून. आमच्या लीगमध्ये पंच एकच असतो. दुसरा कुठून आणू? या सगळ्यांचं मला काही वाटायचं नाही. ओरडणाऱ्याची कीव करता येते. मला तिटकारा होता तो गोड बोलणाऱ्या कोचांचा. मॅचच्या आधी कॉफी आणून देणार, खांद्यावर हात ठेवणार, "तुमच्याकडे क्रिकेटमध्ये मधे चहा पितात ना? हा हा!" करणार. दोन डाव झाले की तोच गोडवा हळूच सरकून "आज तुझी नजर जरा थकलीये वाटतं, ऑफिसात फार कॉम्प्युटर?" इथपर्यंत येतो. हसत बोललेलं असतं म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. चिडलो तर 'विनोद कळत नाही' हे लेबल आपल्यालाच.

या जातीचा सर्वोत्तम नमुना माझा घरमालक होता.

तो खालच्या मजल्यावर राहायचा, आम्ही वर. घर मिळायला आम्हाला फार हिंडावं लागलं होतं. आमचं आडनाव वाचूनच बरेच लोक उत्तर देत नसत. याने दिलं. दोन गल्ल्या ओलांडल्या की मुलीची शाळा, कोपऱ्यावर बायकोची वाल्डॉर्फला जाणारी बस. बायकोने पहिल्या दिवशीच स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीची कुंडी ठेवली आणि म्हणाली, आता इथून मी हलणार नाही. जिन्यात फोडणीचा वास येतो, खिडक्या पुरेशा उघडत नाही, रविवारी मिक्सर लावला, एवढ्यावरून तो अधूनमधून दार वाजवायचा. हसतहसतच. "तुमच्याकडे आज पार्टी आहे वाटतं, अख्खा जिना जेवला!" बायको त्याला दारातच एक वडा द्यायची. तो खायचा आणि पुढच्या आठवड्यात परत तक्रार करायचा.

तो शेजारच्या गावच्या टीमचा कोच आहे हे मला त्यांच्या मैदानावर पहिल्यांदा पंच म्हणून गेलो तेव्हा कळलं. मैदानात सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, त्यामुळे तिथे मी 'तू, ब्लू' होतो. सोमवारी जिन्यात तो पुन्हा 'तुम्ही' आणि आडनाव. हे तो इतक्या सफाईने करायचा की दोन वेगळी माणसं असावीत असं वाटे. लीगला मी कळवलं होतं की हा माझा घरमालक आहे. तिकडून उत्तर आलं की पंच कमी आहेत आणि घरभाड्याचा बेसबॉलशी संबंध नाही.

मोसमातली शेवटची मॅच त्यांच्याच मैदानावर होती. जिंकले तर त्यांची टीम वरच्या लीगमध्ये जाणार होती. शेवटचा डाव, एका धावेने मागे, एक गडी बाद; तिसरा बाद झाला की खेळ खलास. घरमालकाचा मुलगा दुसऱ्या बेसवर उभा. हा मुलगा कायझर्सलाउटर्नला शिकायचा आणि शनिवार-रविवारी धुवायचे कपडे आणि बेसबॉल यांसाठी घरी यायचा. चांगला पोरगा होता, जिन्यात भेटला तर बायकोच्या हातातल्या पिशव्या घ्यायचा.

फलंदाजाने चेंडू डावीकडे मारला. मुलगा पळत सुटला. तिसऱ्या बेसपाशी कोच उभा असतो, पळणाऱ्याला थांबवायचं की घरी, म्हणजे होमप्लेटकडे, पाठवायचं हे त्याने ठरवायचं असतं. घरमालक तिथे उभा राहून पवनचक्कीसारखा हात फिरवत होता: जा, जा, जा! क्षेत्ररक्षकाने चेंडू तेव्हाच उचललेला होता. कुठल्याही गल्लीतल्या पोराने थांबवलं असतं. याने पाठवलं. चेंडू आला, कॅचरने, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाने, घेतला, मुलगा घसरत आला आणि कॅचरचा चेंडूसकट ग्लव्ह त्याच्या नडगीवर लागला, यालाच टॅग म्हणतात. पाय तेव्हा प्लेटपासून वीतभर लांब होता. मी हे माझ्या पायाच्या अंगठ्यासमोर पाहिलं. मी मूठ उगारली, आउट. मुलगा उठला, पँट झटकली आणि एक शब्द न बोलता बाकाकडे चालायला लागला.

बाप आला.

मी मास्क काढला, हात मागे घेतले. "सेफ होता!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. वाक्य. मी गप्प. "पाय आधी लागला, सगळ्यांनी पाहिलं!" वाक्य. गप्प. मग त्याला कळलं की प्रेक्षकांत त्याची शोभा होते आहे, म्हणून त्याने विचारलं, "कुठे लागला टॅग?" मी सांगितलं, "नडगीवर. पाय प्लेटला लागायच्या आधी."

आता खरं तर त्याने परत जायचं. पण तो जवळ आला, आणि हसला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, दोघांची दोस्ती आहे, थट्टा चालली आहे. हसऱ्या तोंडाने, फक्त मला ऐकू येईल असं तो म्हणाला, "तुझ्या बायकोला फ्लॅट आवडतो, नाही?"

हा प्रश्न होता. "हो," मी म्हणालो, "आवडतो."

"माझ्या मुलालाही आवडतो. त्याला आता स्वतःची जागा हवीये." हे वाक्य होतं. "विचार कर, ब्लू. कॉल बदलता येतो. तुला नीट दिसलं नाही असं म्हण, बस. कोणी काही म्हणणार नाही."

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. इथे घरमालकाला स्वतःच्या माणसासाठी जागा हवी असेल तर तो भाडेकरूला काढू शकतो, कायदाच आहे तसा. मला मुलीची शाळा दिसली, ती खिडकीतली तुळस दिसली. मी ब्रश काढला, मैदानाकडे पाठ केली आणि होमप्लेट साफ करायला लागलो. स्वच्छच होती ती, त्याच्या मुलाने नुकती पँटने पुसली होती. मी घासत राहिलो. मनात आलं, या माणसाने इतक्या फडतूस मॅचसाठी एवढी मोठी गोष्ट काढली. वरच्या लीगमध्ये गेल्यावर काय मिळणार होतं त्याला? जरा लांबच्या गावात जाऊन तिथल्या पंचावर ओरडायची संधी. आणि त्यासाठी तो माझ्या घराचं दार हलवून बघत होता. भीती होतीच, पण तिच्यावर किळस चढली. मी उभा राहिलो, ब्रश खिशात ठेवला आणि त्याला मैदानाबाहेर काढलं. बाहेर काढण्याची एक ठरलेली खूण असते, हात खांद्यावरून मागे नेऊन बाहेरच्या दिशेला फेकायचा, कचऱ्याची पिशवी भिरकावतात तसा.

पुढचा फलंदाज बाद झाला. ते हरले.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"सेफ म्हणाला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"तो आउट होता."

"कुठल्या तरी खेड्यातली मॅच. बघायला चार आज्या आणि एक कुत्रा. त्यांच्यासाठी तू आपलं घर घालवलंस?"

"अगं, आउट होता तो."

"चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणून मी गणपतीपासून सांगतेय," ती म्हणाली. "तुला नक्की दिसलं का?"

"नडगीवर लागला. मी पाहिलं."

तिने पोळी पलटली. तीन महिन्यांची नोटीस पुढच्याच आठवड्यात आली, मुलाला जागा हवी असल्याची. त्या मुलाला जागा हवी असल्याचं त्या मुलालाच ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून जिन्यात मला दिसलं. तो मान खाली घालून गेला. ऑफिसातल्या लोकांनी भाडेकरू संघटनेकडे जा, भांड, असा सल्ला दिला. बायकोने नको म्हटलं. ज्याच्या डोक्यावर रोज चालायचं त्याच्याशी कोर्टात भांडून तिला राहायचं नव्हतं. पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "घरमालकाशी वाकडं घेऊ नये रे." माझ्या हातातून बायकोने फोन घेतला, "अहो आई, वाकडं नाही घेतलं त्याने. आउट दिला फक्त." तिने माझी बाजू घेतली असं मला क्षणभर वाटलं, पण फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे न बघता खोकी भरायला लागली.

त्या तीन महिन्यांत मी तिला 'तो आउट होता' हे किती वेळा सांगितलं असेल. तिने एकदाही उत्तर दिलं नाही. वाक्याला उत्तर द्यायचं नाही हे माझ्याकडूनच शिकली होती ती. कधीकधी रिकामं खोकं दाराबाहेर टाकताना मात्र हात खांद्यावरून मागे नेऊन माझी ती खूण करायची, अगदी हुबेहूब, आणि मुलगी हसायची. वाल्डॉर्फच्या अलीकडे आम्हाला एक जागा मिळाली. मुलीची शाळा बदलली. ती जर्मनमध्ये रडली आणि आम्ही मराठीत समजूत घातली.

घर ताब्यात द्यायचा दिवस हिवाळ्यातला होता. सामान गेलं होतं. हीटर बंद केलेला, आणि रिकाम्या खोल्यांत बोलणं घुमत होतं. बायकोने कोपऱ्यात चहाचा थर्मास, दोन कप आणि तुळशीची कुंडी तेवढी ठेवली होती. घरमालक टॉर्च घेऊन आला आणि भिंती तपासायला लागला. इथे ही पद्धतच आहे, खिळ्याचं प्रत्येक भोक, फरशीवरचा प्रत्येक ओरखडा बघायचा. शेगडीमागच्या टाइल्समध्ये त्याला हळदीची पिवळी रेघ सापडली.

"ही निघत नाही," तो म्हणाला.

"आम्ही आलो तेव्हाही त्या फटी पिवळ्याच होत्या," मी म्हणालो. तो पुढच्या भिंतीकडे गेला. "खोलीला आम्ही रंग दिलाय, करारात नसताना." तो खिडकीच्या कडा बघत राहिला. माझ्या लक्षात आलं, की आज मी वाक्यं बोलतोय आणि तो पंच आहे. मी तोंड मिटलं.

सगळं बघून झाल्यावर त्याने टॉर्च खिशात घातला आणि त्याचा चेहरा बदलला. मॅच संपल्यावर कोचांचा होतो तसा, आता आपण सगळे मित्र. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. "मनावर घेऊ नकोस, ब्लू. आउटच होता तो. नक्कीच. मी तिसऱ्या बेसवरून सरळ पाहिलं. मी त्याला थांबवायला हवं होतं." तो हसला. "पण कोचला भांडायला यावंच लागतं. ते खेळातच असतं."

मला वाटलं, हा पुढे काही तरी म्हणेल. फ्लॅटबद्दल एखादा शब्द. पण त्याच्या मते बोलणं पूर्ण झालं होतं. त्याने हात पुढे केला. "चाव्या?"

चाव्या बायकोकडे होत्या. तिला जर्मन माझ्यापेक्षा चांगलं येतं, हे तो विसरला असावा, किंवा ती खोलीत आहे हेच विसरला असावा. ती खिडकीपाशी उभी होती.

"माझा एक प्रश्न आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली. "हे घर कायद्याने कधीपर्यंत आमचं आहे?"

"आज दिवसभर. म्हणजे, चाव्या देईपर्यंत."

"गेनाऊ," बायको म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. तिने चाव्या कोटाच्या खिशात टाकल्या. मग हात खांद्यावरून मागे नेला आणि दाराच्या दिशेला फेकला.

तो हसला. त्याला थट्टा वाटली. त्याचा सगळा जन्म थट्टेत गेला होता, त्यात त्याचा दोष नाही. ती हसली नाही. हात तसाच दाराकडे रोखलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या पंचाकडे दाद मागतात तसं.

"हे माझं घर आहे," तो मला म्हणाला.

वाक्य होतं. मी गप्प राहिलो.

तो बाहेर गेला. बायकोने दार लावून घेतलं, कडी घातली. बाहेर जिन्यात त्याची पावलं खाली गेली नाहीत, तो दारापाशीच उभा राहिला असणार. बायको भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मीही बसलो. तिने थर्मास उघडला आणि दोन्ही कपांत चहा ओतला, सावकाश, कुठे जायची घाई नसल्यासारखा.

"नडगीवर लागला होता ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "नडगीवर."

तिने मान हलवली आणि माझा कप माझ्याकडे सरकवला.